आर्लिंग्टन रो : संरक्षण नेमके कशाचे?

'इंग्लिश कॉटेज' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बिस्किटांच्या डब्यावरचे चित्र उभे राहते : उतरते छप्पर, वेल, ओढा. ग्लॉस्टरशायरमधील बायबरी गावची आर्लिंग्टन रो ही दगडी घरांची रांग जणू त्या चित्राचा मूळ नमुनाच. विल्यम मॉरिसने बायबरीला इंग्लंडमधील सर्वांत सुंदर गाव म्हटले होते. मला मात्र ही वास्तू त्या चित्रातून सोडवून वाचावीशी वाटते.

मुळात ही घरे नव्हतीच. १३८० च्या सुमारास लोकरीचे कोठार म्हणून ही लांबट इमारत बांधली गेली. सतराव्या शतकात तिच्यात विणकरांची बिऱ्हाडे पाडली गेली. समोरच्या पाणथळ कुरणाचे 'रॅक आइल' हे नावही लोकर-कापड वाळवण्याच्या मांडण्यांवरून पडले. निवांत दिसणारे हे दृश्य म्हणजे एके काळचा कारखानाच होता.

छपराकडे पाहा. भिंतींप्रमाणे छपरावरही चुनखडीचा दगड. त्याच्या चिपा वळचणीला मोठ्या, आढ्याकडे लहान होत जातात. डोळ्यांना ती लय वाटते. तिच्यामागे हिशेब आहे. वळचणीला पाणी जास्त वाहते, म्हणून तिथे सांधे कमी हवेत. आणि वरच्या ओळींत लहान तुकडेही कामी येतात. दगड सच्छिद्र, म्हणून उतार तीव्र. उतार तीव्र, म्हणून खाली माळ्याची जागा. आणि माळ्यावर उजेड हवा, म्हणून छपरातून डोकावणाऱ्या तिकोनी माथ्याच्या खिडक्या. इथले सौंदर्य असे गरजेतून आले आहे.

मॉरिसने १८७७ मध्ये प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था स्थापली, ती जीर्णोद्धाराच्या विरोधात. मूळ रूप परत आणण्याच्या हट्टापायी मधल्या शतकांच्या खुणा खरवडल्या जातात, हा त्याचा आक्षेप होता. आर्लिंग्टन रोला तो तंतोतंत लागू पडतो : १३८० चे कोठार 'शुद्ध' करायचे, तर विणकरांची घरे पुसावी लागतील. या वास्तूचे मोल तिच्यातल्या बदलातच आहे.

आज ती पहिल्या श्रेणीची संरक्षित वास्तू आहे, आणि ते योग्यच. पण कायदा दगड राखतो. माग थांबला तो थांबलाच. कायद्याला त्याचा दोष देता येणार नाही. भिंतीमागचे श्रम आठवणे हे पाहणाऱ्याचे काम. ते आपण टाळले, तर राखलेले घरही शेवटी डब्यावरचे चित्रच उरेल.