यादीबाहेरचे नुकसान

एडमंड बर्क ह्याचे नाव वॉरन हेस्टिंग्जवरील खटल्यामुळे आपल्या परिचयाचे आहे. बर्क ज्या शाळेत शिकला ती आयर्लंडच्या किल्डेअर परगण्यात, बॅलिटोर नावाच्या खेड्यात होती. अब्राहम शॅकल्टन ह्या क्वेकर गृहस्थाने ती १७२६ मध्ये काढली. ह्या शॅकल्टनची नात मेरी (१७५८–१८२६). १७९१ मध्ये तिचा विवाह त्याच शाळेचा माजी विद्यार्थी विल्यम लेडबीटर ह्याच्याशी झाला. विल्यम शेती पाही. मेरी गावचे टपाल सांभाळी, मुले वाढवी आणि गावात घडेल ते लिहून ठेवी. ह्या लेखनाचा ‘अ‍ॅनल्स ऑफ बॅलिटोर’ हा ग्रंथ लेडबीटरबाईंच्या मृत्यूनंतर ३६ वर्षांनी, १८६२ साली छापला गेला. त्यातील १७९८ च्या बंडाचा भाग अनेक वेळा वाचल्यावर जे जाणवले ते येथे मांडतो.

त्या वर्षीच्या बंडावर आयर्लंडमध्ये पुस्तकांचा तोटा नाही. पराभूतांच्या बाजूने माइल्स बर्न ह्या वेक्सफर्डच्या शेतकरीपुत्राच्या आठवणी आहेत, त्या १८६३ मध्ये निघाल्या. राजनिष्ठांच्या बाजूने सर रिचर्ड मस्ग्रेव्ह ह्यांचा १८०१ चा जाडजूड ग्रंथ आहे, आणि त्यात कॅथोलिकांविषयीचा आकस पानोपानी दिसतो. दोघांनाही नुकसानीची आठवण आहे. पण ती प्रतिपक्षाने केलेल्या नुकसानीची. लेडबीटरबाईंचे वेगळेपण येथे सुरू होते.

बंड फुटण्याआधीच बॅलिटोरमध्ये सैन्य आले होते. शिपायांनी रयतेच्या घरात राहावे, तिच्याच कोठीतले खावे आणि दमडी देऊ नये, अशी ती व्यवस्था होती. मग मे महिन्याच्या अखेरीस सैन्य गाव सोडून गेले आणि बंडखोर आले. त्यांनाही पोट होते. काही दिवसांनी सैन्य परतले ते शासन करण्यासाठी. घरे लुटली गेली, कित्येक जाळली गेली, माणसे मारली गेली. गावच्या डॉक्टरालाही शिपायांनी गोळी घातली. पुढे बंड मोडले तरी डोंगरात उरलेल्या टोळ्यांचा रात्रीचा उपद्रव संपला नाही. म्हणजे एकाच गावच्या भाकरीला आळीपाळीने सगळ्यांचे हात लागले. लेडबीटरबाईंची भाषा मात्र पाहुणा बदलला म्हणून बदलत नाही. निशाण लाल की हिरवे हे त्या नोंदवतात. पण त्यावरून चोरीला दुसरे नाव देत नाहीत. बंडखोरांत त्यांच्या ओळखीचे शेजारी आहेत, शिपायांतही एखादा लाजणारा, ओशाळणारा आहे. त्या हिंसेनंतर कित्येक दिवस घासालाही रक्ताची चव येत असल्याचा भास झाल्याचे त्या सांगतात. एवढी भयंकर गोष्ट त्यांनी ज्या स्वरात सांगितली आहे, त्याच स्वरात त्या एरवी गावातली लग्ने आणि आजारपणे सांगतात.

हा स्वर आला कोठून? केवळ स्वभावाने सौम्य म्हणून, असे म्हणणे मला पुरेसे वाटत नाही. क्वेकर पंथीय शस्त्र धरीत नसत. बंडाच्या आधीच आयर्लंडमधील क्वेकरांनी घरातल्या शिकारीच्या बंदुकासुद्धा मोडून टाकल्या होत्या. ते प्रस्थापित प्रॉटेस्टंट चर्चचा दशांश देण्यासही नकार देत. मग अंमलदार येऊन शेतातल्या पेंढ्या, गुरे, घरातली भांडी उचलून नेत. काय नेले आणि त्याची किंमत किती, ह्याची नोंद हा समाज पिढ्यान्‌पिढ्या वह्यांत करीत आला होता. ‘सोसलेल्या दुःखांची वही’ असेच तिचे नाव. लेडबीटरबाईंच्या गद्याला हे वळण त्या वह्यांनी लावले असावे. दुःख सांगताना आधी वस्तू सांगायची, आक्रोश करायचा नाही. तोच दशांश कॅथोलिक कुळालाही द्यावा लागे. पण त्याच्या पेंढीची वही कोणी ठेवली नाही.

सरकारनेही एक यादी केली होती. १७९८ मध्येच ‘राजनिष्ठ’ प्रजाजनांच्या नुकसानीची चौकशी करण्यासाठी आयुक्त नेमले गेले. नाव, गाव, नुकसानीचे स्वरूप, मागितलेली रक्कम असे तिचे रकाने आहेत. घर, गुरे, धान्य, सामान, कपडे ह्यांच्या त्या नोंदी वाचताना एकेक कुटुंब डोळ्यांपुढे उभे राहते. एकूण मागणी दहा लाख पौंडांच्या वर गेली आणि तिच्यातला निम्म्याहून अधिक वाटा एकट्या वेक्सफर्ड परगण्याचा होता. यादी खोटी नाही. पण तिच्या दाराशी पहिला प्रश्न निष्ठेचा आहे, नुकसानीचा नंतर. ज्याचे छप्पर संशयापोटी शिपायांनी पेटवले, त्या कुळाने निष्ठेचा दाखला कोणाकडून आणावा? किल्डेअरमधल्या अशा छपरांसाठी आज लेडबीटरबाईंसारख्यांच्या वह्यांकडेच जावे लागते, आणि त्यांचे मोल मला प्रथम येथे दिसते.

तरीही ह्या ग्रंथाची भलावण एका मर्यादेपर्यंतच करता येईल. लेडबीटरबाई आपल्या उंबरठ्यावर उभ्या राहून पाहतात, आणि तो उंबरठा जमीन बाळगणाऱ्या घराचा आहे. त्यांच्या कोठीतून काय गेले हे वाचकाला घरातल्या माणसासारखे कळते. जळालेल्या झोपडीत काय होते हे कळत नाही. तेथली माणसे दाराशी रडत येतात, मदत घेतात आणि प्रकरणाबाहेर जातात. ती हातात भाले घेऊन का उठली, खंड किती होता, दशांश किती होता, ह्याची चौकशी लेखिका फारशी करीत नाही. आपल्याकडे विष्णुभट गोडसे ह्यांच्या १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘माझा प्रवास’विषयी असेच काहीसे म्हणता येईल. झाशीच्या लुटीचे इतके जवळून केलेले वर्णन मराठीत दुसरे नाही, पण शिपाई का बिघडले ह्याचे उत्तर त्यांच्याकडे ऐकीव गोष्टींपुरतेच आहे. अर्थात गोडसेभटजी वाटसरू होते, चालत पुढे जाऊ शकत होते. लेडबीटरबाईंना तेथेच, त्याच शेजाऱ्यांत, पुढची २८ वर्षे काढायची होती. त्यामुळे त्यांच्या संयमाला एक व्यावहारिक धारही आहे, आणि समीक्षकांनी ती केवळ धार्मिक वृत्ती मानून सोडून देऊ नये.

१८११ मध्ये त्यांनी ‘कॉटेज डायलॉग्ज’ हे पुस्तक लिहिले. मरिया एजवर्थ हिने त्याला प्रस्तावना जोडली. त्यात गरीब आयरिश स्त्रियांना काटकसर, स्वच्छता आणि चार पैसे मागे टाकण्याचे धडे संवादांतून दिले आहेत. लेखन प्रसन्न आहे, हेतू निर्मळ आहे. पण हे धडे ज्यांना दिले, त्यांच्यासारख्यांच्याच झोपड्या १३ वर्षांपूर्वी जळताना ह्याच बाईंनी पाहिल्या होत्या, ही गोष्ट ते पुस्तक वाचताना माझ्या मनातून जात नाही.