आधी पाहणे, मग बोध

आपल्या समाजाच्या नियतकालिकांतून एक लेखनप्रकार गेल्या काही दशकांत चांगलाच रुळला आहे. लेखक रोजच्या व्यवहारातील एखादी साधी वस्तू घेतो, चार ओळींत तिचे वर्णन करतो आणि अखेरीस तिच्यातून श्रद्धेचा बोध काढून वाचकाच्या ओंजळीत ठेवतो. पणती, सुईदोरा, छत्री, गळका नळ, यांपैकी काहीही त्याला वर्ज्य नसते. घरोघरी संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर असे लेख वाचले जातात, रविवारच्या प्रवचनातही त्यांचा आधार घेतला जातो. जे लेखन इतक्या जवळून आपली श्रद्धा घडविते, त्याची चिकित्सा होणे अगत्याचे आहे.

हा मार्ग मुळात प्रभू येशूचाच, याविषयी दुमत नाही. जाळे ओढणारे कोळी, हरवलेल्या नाण्यासाठी दिवा लावून घर झाडणारी बाई, पिठात खमीर कालविणारी गृहिणी यांच्या मुखाने त्याने स्वर्गराज्य सांगितले. परंतु त्याच्या दाखल्यांत काम हे खरे काम असते. संत मत्तयच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याचा दाखला पाहा. धनी दिवसातून पाच वेळा बाहेर पडतो. दिवस मावळायला तासभर उरलेला असताना जे रिकामे उभे आहेत, त्यांना तो कारण विचारतो, तेव्हा आम्हांला कोणी कामावर लावलेच नाही, असे ते सांगतात. चोपड्यासारख्या तालुक्याच्या गावी सकाळी मजुरीच्या आशेने चौकात उभ्या राहिलेल्या माणसाला या उत्तराचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. एक दिनार म्हणजे त्या काळची एका दिवसाची मजुरी. आपण या दाखल्यातून बहुधा 'दुसऱ्याचा हेवा करू नये' एवढाच बोध घेतो. चौकातील माणूस मात्र त्यात आधी ऐकतो ते हे, की उशिरा काम मिळालेल्याच्या घरीही त्या रात्री चूल पेटली. देवाची दया त्याला पोटाच्या भाषेत कळते. हा बोध दाखल्याला वरून चिकटविलेला नाही, तो मजुरीच्या व्यवहारातूनच निघालेला आहे.

हीच कसोटी साहित्याला लावायची, तर खानदेशाबाहेर जाण्याचे कारण नाही. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) आमच्याच जळगाव जिल्ह्यातील असोद्याच्या लेकी. त्यांना अक्षरओळख नव्हती. शेतात राबताना, जात्यावर दळताना त्यांना ओव्या सुचल्या आणि घरच्यांनी त्या टिपून ठेवल्या. त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली, आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने त्या ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या. त्यांची श्रद्धा वारकरी वळणाची होती. तिला ख्रिस्ती अर्थ चिकटविणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. तरीही आपल्या लेखकांनी त्यांच्याकडून एक गोष्ट अवश्य शिकावी. सुगरणीच्या खोप्यावरील त्यांच्या प्रसिद्ध कवितेत आधी पाखरू दिसते, त्याची पिलांसाठी चाललेली धडपड दिसते, चोचीने विणलेला, झाडाला टांगलेला खोपा दिसतो. माणसाला उद्देशून जे सांगायचे, ते शेवटी आणि थोडक्यात येते. पाहणे पूर्ण झाल्यावर उरलेला बोध तेवढाच त्या सांगतात. आपल्या बोधलेखांत नेमके उलट घडते. बोध आधी ठरलेला असतो आणि वस्तू त्याच्या सेवेला धरून आणलेली असते. म्हणूनच पणतीऐवजी मेणबत्ती घातली तरी लेखात काही बिघडत नाही.

दुसरे उदाहरण ख्रिस्ती घरातील आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधली वर्षे त्यांच्या मनातील सोवळ्याओवळ्याची, कोणाच्या हातचे पाणी प्यावे या प्रश्नाची होती. श्रद्धेचे एवढे मोठे स्थित्यंतर त्यांनी स्वयंपाकघर, पाणी, भांडी, रुसवेफुगवे यांतूनच सांगितले आहे. पण त्यांनी घागरीला घागरच राहू दिले, तिचे प्रतीक केले नाही. स्वतःवर हसत त्या घडलेले सांगतात आणि जातिभेद मनातून कसा गळून पडला हे वाचकाला आपोआप उमगते. त्या प्रोटेस्टंट पंथाच्या असल्या तरी आपल्या कॅथलिक घरांतही हे पुस्तक असायला हवे.

चिकित्सेचा हा आग्रह केवळ साहित्याच्या हौसेपोटी नाही. चुकीचा बोध माणसाला इजा करतो. 'ऊस चरकात पिळला गेला तरी गोडच रस देतो, तसे ख्रिस्ती माणसाने दुःखात गोड राहावे' अशा धर्तीचे वाक्य आपल्याकडे सहज लिहिले जाते. आता हे वाक्य सातपुड्याच्या पायथ्यावरून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबासमोर ठेवून पाहावे. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडण्यासाठी नवराबायको मिळून एक 'कोयता' म्हणून मोजली जातात, मुले पालावर वाढतात, शाळा बुडते. त्यांना ऊस बोधासाठी नको असतो. त्यांच्या पिळवणुकीला गोडवा देणारा लेखक नकळत मुकादमाच्या बाजूला जाऊन उभा राहतो.

याच माणसांच्या जीवनात शुभवर्तमानाचा बोध नाही काय? आहे, आणि तो फार जवळ आहे. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत जिथे आपण अपराधांची क्षमा मागतो, तिथे संत मत्तयच्या ग्रीक पाठात 'ऋण' या अर्थाचा शब्द आहे. त्याच शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात दहा हजार तालांताचे कर्ज माफ झालेला चाकर शंभर दिनारांसाठी आपल्या सोबत्याचा गळा धरतो. उचल म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे, त्याला क्षमा म्हणजे काय हे आपल्या पुस्तकी व्याख्यांहून लवकर कळेल. आणि ज्याच्याकडे दुसऱ्याचे देणे अडकलेले आहे, त्याला ही प्रार्थना म्हणताना अडखळावे लागेल.

तसेच पेरणाऱ्याच्या दाखल्याचे. कपाशीचे विकतचे महाग बी आमच्या बायाबापड्या अंतर मोजून, जपून टोकतात. वाटेवर, खडकावर, काट्याकुट्यांत बी पडू देणारा पेरणारा त्यांना आधी वेडाच वाटणार. त्यांना तसे वाटू द्यावे. देवाच्या औदार्याचा हिशोब आपल्या हिशोबात बसत नाही, हे त्या आश्चर्यातूनच उमगते. आपण घाईने 'तुमचे हृदय सुपीक करा' म्हणतो आणि ते आश्चर्य मारून टाकतो.

तेव्हा असे लेखन करणाऱ्या आपल्या बंधुभगिनींना एक विनंती. ज्याच्या कामावरून आपण बोध काढला, त्याला तो लेख आधी वाचून दाखवावा. भाकरीवर लिहिले तर भाकरी थापणारीला, केळीच्या घडावर लिहिले तर तो खांद्यावरून बांधापर्यंत वाहणाऱ्याला. तो ऐकून गप्प राहिला, तर लेख बाजूला ठेवावा. त्याने मधेच थांबवून 'असे नसते, फादर' म्हटले, तर कागद खाली ठेवून तो काय सांगतो ते ऐकावे. आपल्याला हवा असलेला बोध पुष्कळदा तिथूनच सुरू होतो.