पटावरील पराभव

ग्रंथांस पारितोषिकें मिळतात, नाटकांस मिळतात, चित्रांस मिळतात. आणि परीक्षकांनीं केलेली निवड योग्य कीं अयोग्य याविषयीं वाद घालण्याचा हक्क रसिकांनीं स्वतःकडे राखून ठेवलेला असतो. पटावर मांडून खेळावयाच्या खेळांसही असें एक पारितोषिक आहे, त्याच्या निकालाची जर्मनींत वर्तमानपत्रें दखल घेतात, आणि निवडलेल्या खेळाच्या लाखों पेट्या विकल्या जाऊं शकतात, ही गोष्ट मात्र आपल्याकडे फार थोड्या कुटुंबांस ठाऊक आहे. 'श्पील देस यारेस', म्हणजे 'वर्षाचा खेळ', हें त्या पारितोषिकाचें नांव. १९७८ सालीं त्याची योजना झाली, १९७९ सालीं तें प्रथम दिलें गेलें, आणि २०२५ पर्यंत एकाही वर्षीं त्यांत खंड पडला नाहीं. या सत्तेचाळीस निकालांकडे एकत्र पाहिलें असतां त्यांत एका प्रश्नाचा इतिहास आढळतो असें आम्हांस वाटतें. तो प्रश्न असा कीं, खेळांत जो हरत आहे त्याचें काय करावयाचें?

प्रथम परीक्षकांविषयीं दोन शब्द. या मंडळांत जर्मन भाषेंत खेळांवर लिहिणारे टीकाकार असतात. खेळ तयार करून विकणाऱ्यांस तेथें स्थान नाहीं. विजेत्यास रोख रक्कम मिळत नाहीं. लाल सोंगटीची एक मुद्रा पेटीवर छापण्याचा अधिकार तेवढा मिळतो, आणि त्याबद्दल प्रकाशकच मंडळास शुल्क देतो. खेळाची मूळ कल्पना, नियमांची मांडणी, पटाची रचना आणि साहित्याची कारागिरी या गोष्टी परीक्षक पाहतात. म्हणजे ग्रंथपरीक्षणांत जी शिस्त आपण पाळतों, तिच्याहून ही फारशी निराळी नाहीं. १९८८ सालीं न्यूरेंबर्ग येथील खेळण्यांच्या प्रदर्शनाच्या वेळीं कांहीं रचनाकारांनीं बियरच्या पेल्याखालीं ठेवावयाच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर सह्या करून असें जाहीर केलें कीं, ज्या पेटीवर आमचें नांव छापलें जाणार नाहीं तिच्यासाठीं आम्ही खेळ देणार नाहीं. तेव्हांपासून पेटीवर रचनाकाराचें नांव येण्याचा प्रघात वाढत गेला. ज्या कृतीस कर्ता आहे तिच्यावर टीका करण्यास कोणीं संकोच मानूं नये.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. या पारितोषिकाच्या पूर्वीं घरोघरीं जे खेळ होते त्यांनीं हरणाऱ्याची सोय दोन प्रकारांनीं लावली होती. पहिला प्रकार आपल्या पचीसीचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिचें इंग्लंडांत लूडो झालें, आणि १९१४ च्या सुमारास म्यूनिक येथील योझेफ फ्रीड्रिख श्मिट यांनीं तिलाच सोपें रूप देऊन जर्मनांच्या हातीं दिलें. त्या खेळाच्या जर्मन नांवाचा अर्थ 'माणसा, रागावूं नकोस' असा आहे! पहिल्या महायुद्धांत श्मिट यांनीं त्याच्या तीन हजार पेट्या सैनिकांच्या इस्पितळांस पाठविल्या आणि तो सर्वत्र पसरला. येथें हरणाऱ्यास दिलासा फांशाचा आहे. आपली सोंगटी मारली गेली तर दोष दैवाचा, आणि पुढच्या डावीं तेंच दैव फिरेल ही आशा. परंतु ज्या पराभवांत आपला कांहींच वांटा नाहीं तो पराभव माणसास शिकवील तरी काय?

दुसरा प्रकार मोनॉपलीचा, ज्याचें भारतीय शहरांच्या नांवांनीं नटलेलें रूप आपण 'व्यापार' म्हणून ओळखतों. याची जन्मकथा विचार करावयास लावणारी आहे. एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईंनीं हेन्री जॉर्ज यांच्या भूमिकराच्या विचारांचा प्रसार व्हावा म्हणून १९०४ सालीं एका खेळाचें पेटंट घेतलें. जमीन थोड्यांच्या हातीं गेली म्हणजे बाकीचे भाडें भरतां भरतां कसे भिकेस लागतात, हें लोकांनीं पटावर पाहावें आणि त्यांस या रीतीचा वीट यावा, असा त्यांचा हेतु होता. पुढें १९३५ सालीं पार्कर ब्रदर्स कंपनीनें मोनॉपली बाजारांत आणली, आणि बाईंचें पेटंट पांचशें डॉलरांस विकत घेतलें. वीट यावा म्हणून जें योजिलें होतें तेंच करमणूक म्हणून विकलें गेलें. गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या घरीं हा डाव मांडला होता. घरांतील सर्वांत धाकटें मूल पहिल्या तासाभरांतच दिवाळखोर झालें, आणि उरलेले दीड तास थोरांनीं एकमेकांचीं घरें गहाण टाकलीं तोंवर तें खिडकीशीं बसून फराळाच्या ताटलीशीं चाळा करीत राहिलें. त्याच्या तोंडाकडे पाहून या खेळाचा खरा दोष आमच्या ध्यानांत आला. हरणें हा तो दोष नव्हे. हरलेल्यास मेजावरून उठविणें हा होय.

१९७९ चें पहिलें पारितोषिक ज्या खेळास मिळालें त्यांत या दोषावर उपाय आढळतो. इंग्रज रचनाकार डेव्हिड पार्लेट यांचा तो शर्यतीचा खेळ. आपण ससा आणि कासवाची गोष्ट सांगतों. जर्मन लोक ससा आणि साळूसारख्या कांटेरी प्राण्याची सांगतात, म्हणून तेथें त्याचें नांव बदललें. या शर्यतींत फांसाच नाहीं. चालावयाचें तर गाजरें खर्च करावीं लागतात, आणि वेगाची किंमत चढत जाते: एक घर पुढें जाण्यास एक गाजर, दोन घरांस तीन, तीन घरांस सहा, चार घरांस दहा. उलट मागें येऊन ठराविक घरांवर थांबल्यास प्रत्येक घरामागें दहा गाजरें मिळतात. शिवाय गाजरांचा मोठा सांठा घेऊन कोणास शेवटची रेषा ओलांडतां येत नाहीं. मागें पडणें हें येथें संकट नसून साधन आहे. कोणाचा शेवट कसा होईल हें अखेरच्या पांच-सहा चालींपर्यंत सांगवत नाहीं. पहिल्याच वर्षीं परीक्षकांनीं असा खेळ निवडावा यांत त्यांची दृष्टि दिसून येते.

या दृष्टीचें पूर्ण फळ १९९५ सालीं 'कटान' या खेळांत आलें. त्याचे कर्ते क्लाउस टॉयबर हे व्यवसायानें दंततंत्रज्ञ. दिवसा दांतांच्या कवळ्यांचें काम पाहून फावल्या वेळीं ते खेळ रचीत. १९८८ ते १९९५ या काळांत त्यांस हें पारितोषिक चार वेळां मिळालें. २०२३ सालीं ते वारले. कटान हें एकोणीस षट्कोनी तुकड्यांचें बेट आहे. लांकूड, विटा, लोकर, धान्य आणि खनिज हें त्याचें उत्पन्न. प्रत्येक पाळीस दोन फांसे पडतात, आणि पडलेल्या अंकाचा प्रदेश ज्यांच्या वस्तीस लागून आहे त्या सर्वांस उत्पन्न मिळतें, मग पाळी कोणाचीही असो. त्यामुळें दुसऱ्याची पाळी चालू असतांनाही कोणी जांभई देत नाहीं. उरलेली निकड भागविण्यासाठीं शेजाऱ्याशीं सौदा करावा लागतो, आणि सौदा करावयाचा तर मागें पडलेल्यासही मान द्यावा लागतो, कारण नेमक्या विटा त्याच्याचपाशीं असतात. प्रथम दहा गुण करणारा जिंकतो; परंतु त्या क्षणापर्यंत एकही माणूस मेजावरून उठलेला नसतो, आणि हरलेल्याचींही दोन-चार गांवें व एखादा रस्ता पटावर उभा असतो. तो हरला, पण त्यानें कांहीं बांधलें. 'व्यापारां'तील दिवाळखोरापेक्षां हा पराभव निराळ्या जातीचा आहे.

कटान निर्दोष आहे असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. पहिल्या दोन वस्त्या वाईट जागीं पडल्या म्हणजे पुढचा तासभर खेळाडूच्या वांट्यास निव्वळ सभ्य उपासमार येते. सहा आणि आठ हे अंक छत्तिसांत पांच वेळां पडावेत हा हिशेब खरा. पण एका संध्याकाळीं फांसे त्या हिशेबास बांधलेले नसतात. तरीही खेळाडूस आपली चूक कोठें झाली हें दाखवितां येतें, आणि ज्या पराभवांतील आपली चूक दाखवितां येते तोच पराभव शिकविणारा असतो.

येथवरचा मार्ग आम्हांस सर्वस्वीं मान्य आहे. त्यानंतरच्या मार्गाविषयीं आम्हांस शंका आहे. २०१३ सालीं फ्रेंच रचनाकार आंत्वान बोझा यांच्या 'हानाबी' या पत्त्यांच्या खेळास पारितोषिक मिळालें. यांत प्रत्येकानें आपलीं पानें उलटीं धरावयाचीं; आपलीं आपणांस दिसत नाहींत, इतरांस दिसतात. मोजक्याच सूचना देऊन सर्वांनीं मिळून पांच रंगांच्या रांगा लावावयाच्या. येथें खेळाडूंत कोणी कोणाचा प्रतिस्पर्धी नाहीं. जिंकलें तर सारे, फसलें तर सारे. खेळ उत्तम आहे यांत वाद नाहीं. परंतु हा प्रवाह पुढें वाढत गेला. २०१९ ते २०२५ या सात वर्षांतील सातांपैकीं पांच विजेते असे सहकारी खेळ आहेत. उरलेल्या दोहोंपैकीं २०२२ च्या 'कॅस्केडिया'त प्रत्येकजण आपापला निसर्गप्रदेश रचीत बसतो. स्पर्धा आहे, पण ती चौघांनीं एका मेजाभोंवतीं बसून एकेकट्यानें खेळल्यासारखी. हरणाऱ्याची व्यथा कमी करतां करतां परीक्षकांनीं हरणाराच नाहींसा केला काय, असें विचारण्याची वेळ आली आहे.

न्यायबुद्धीनें पाहतां परीक्षकांच्या बाजूनें बोलण्यासारखें पुष्कळ आहे. त्या त्या वर्षीं जे खेळ निघतात त्यांतूनच त्यांस निवड करावी लागते. २०११ पासून जाणत्या खेळाडूंसाठीं निराळें पारितोषिक सुरू झालें, त्यामुळें अधिक कसाच्या स्पर्धा तिकडे गेल्या. शिवाय सहकारी खेळांतही श्रेष्ठ-कनिष्ठ आहेतच. निकृष्ट खेळांत एक हुषार माणूस सर्वांच्या चाली ठरवितो आणि बाकीचे त्याचे हस्तक होतात. २०१९ च्या 'जस्ट वन'मध्यें हें शक्यच नाहीं. एकानें शब्द ओळखावयाचा, इतरांनीं गुपचुप एकेक सूचक शब्द लिहावयाचा, आणि दोघांस एकच शब्द सुचला तर दोन्ही बाद! पाटी आणि खडू असेल तर हा खेळ मराठींतही तितकाच रंगेल. २०२४ चा 'स्काय टीम' दोघांनींच खेळावयाचा. वैमानिक आणि सहवैमानिक यांनीं विमान उतरवावयाचें, आणि फांसे टाकल्यावर परस्परांशीं त्याविषयीं चकार शब्द काढावयाचा नाहीं. दुसऱ्याच्या मनांत काय आहे हें मौनांत ओळखणें ही लहान विद्या नव्हे. नवरा-बायकोंनीं तर तो अवश्य खेळून पाहावा.

तरीही आमचा अभिप्राय आम्ही स्पष्ट सांगतों. सहकारी खेळांतील पराभव पावसासारखा असतो. तो सर्वांवर सारखाच पडतो आणि म्हणून कोणाचाच नसतो. आपल्या घरांतील मुलें मात्र ज्या जगांत जाणार आहेत तेथें गुणपत्रिकेवर एकट्याचेंच नांव असतें. पहिला पराभव त्यांनीं परीक्षेच्या फलकापुढें उभें राहून चाखावा, कीं चहा-चिवडा मांडलेल्या मेजावर, ज्याच्याकडून हरलों त्याच्याच मांडीला मांडी लावून चाखावा? दुसरी जागा निःसंशय अधिक चांगली. तेथें हरण्यास कांहीं किंमत पडत नाहीं, आणि जिंकणाऱ्यासही जिंकून सभ्य राहण्याचा अभ्यास करतां येतो. २०१८ चा विजेता 'अझूल' आम्हांस याच कारणासाठीं आवडतो. पोर्तुगीज फरशांच्या त्या सुंदर खेळांत नको असलेल्या फरशा दुसऱ्याच्या गळ्यांत घालण्याची सोय आहे. डाव चुरशीचा होतो, पण कोणी उठून जात नाहीं.

म्हणून लाल सोंगटीची मुद्रा पाहून पेटी विकत घेणाऱ्या गृहस्थांस आमचें एवढेंच सांगणें आहे: एखादी पेटी सर्वांनीं मिळून जिंकावयाची घ्या, पण तिच्याशेजारीं एक अशीही ठेवा कीं जींत घरांतील कोणीतरी खरोखर हरतो. गेल्या रविवारीं आमच्या त्याच धाकट्या मुलानें कटानमध्यें शेवटचा क्रमांक मिळविला. क्षणभर त्याचा ओंठ थरथरला. मग त्यानें आपल्या वस्त्या मोजल्या, त्या पेटींत भरल्या, आणि चहाचे पेले उचलण्यापूर्वींच पुढच्या रविवारीं समुद्रकांठची कोणती जागा प्रथम धरावयाची हें तो आम्हांस सांगूं लागला.