‘तुरंगलीला सिंफनी’ : आवर्ती स्वरवाक्ये आणि देशी तालांचा प्रश्न

प्रस्तावना :

पाश्चात्त्य संगीतावरील भारतीय प्रभावाची चर्चा आपल्याकडे बहुधा रविशंकर आणि यहुदी मेन्युहिन यांच्यापाशी येऊन थांबते. त्याआधीची एक महत्त्वाची कृती मराठी रसिकांना फारशी परिचित नाही. ती म्हणजे फ्रेंच संगीतकार ओलिव्हिए मेसियाँ (१९०८–१९९२) यांची ‘तुरंगलीला सिंफनी’. तिच्या नावाचे मूळ यादवांच्या देवगिरीत आहे. त्यामुळे तिच्याविषयी अभिमान वाटणे स्वाभाविक असले, तरी त्या अभिमानाला चिकित्सेची जोड हवी. मेसियाँ यांनी देवगिरीकडून नेमके काय घेतले आणि काय घेतले नाही, याचा शोध घेणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

कृतीचा परिचय :

बॉस्टन सिंफनी ऑर्केस्ट्रासाठी सर्गेई कुसेव्हित्स्की यांनी या कृतीची मागणी केली. मेसियाँ यांनी ती १९४६ ते १९४८ या काळात रचली. २ डिसेंबर १९४९ रोजी लिओनार्ड बर्नस्टाइन यांच्या संचालनाखाली बॉस्टन येथे तिचा पहिला प्रयोग झाला. दहा खंडांच्या या रचनेस सुमारे सव्वा तास लागतो. मोठ्या वाद्यवृंदाच्या जोडीला एकल पियानो आणि ओन्द मार्तनो हे विद्युत्‌वाद्य आहे.

संपूर्ण रचना चार आवर्ती स्वरवाक्यांनी बांधलेली आहे. पहिले ‘पुतळ्याचे’ स्वरवाक्य ट्रॉम्बोनवर जड व भारदस्त स्वरूपात येते. मेक्सिकोतील प्राचीन शिल्पांची दडपून टाकणारी भव्यता मेसियाँ यांना येथे अभिप्रेत होती. दुसरे ‘फुलाचे’ स्वरवाक्य क्लॅरिनेटवर अगदी हळुवार उमटते. तिसरे ‘प्रेमाचे’ स्वरवाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. सहाव्या खंडात तंतुवाद्ये आणि ओन्द मार्तनो ते अतिशय संथपणे विस्तारतात आणि त्यावर पियानो पक्ष्यांचे कूजन विणत जातो. चौथे केवळ स्वरसंघांची मालिका आहे. त्याला स्वतःची चाल नाही. नादाचे निरनिराळे रंग दाखविण्यासाठी ते योजलेले आहे.

नावाचा अर्थ :

शार्ङ्गदेव हा यादव राजा सिंघण याच्या पदरी होता. तेराव्या शतकातील त्याच्या ‘संगीतरत्नाकर’ ग्रंथाच्या तालाध्यायात १२० देशी ताल दिलेले आहेत. त्यांपैकी एक तुरंगलील. त्याच यादीत गजलील, हंसलील, सिंहलील हेही ताल आहेत. या भावंडांत ठेवून पाहिले असता ‘तुरंगलील’ म्हणजे घोड्याची डौलदार चाल, इतकाच सरळ अर्थ निघतो. मेसियाँ यांनी ‘तुरंग’ म्हणजे धावणारा काळ आणि ‘लीला’ म्हणजे विश्वक्रीडा तसेच प्रेम, असा त्याचा विस्तार केला. यादवकाळातच लिहिल्या गेलेल्या ‘लीळाचरित्रा’मुळे ‘लीळा’ या शब्दाची व्याप्ती मराठी वाचकास परिचित आहे. परंतु ट्रिस्टन आणि इसोल्दे यांच्या मृत्यूकडे नेणाऱ्या प्रेमाचा जो आशय मेसियाँ यांना हवा होता, तो त्या शब्दात मुळात नाही. तो त्यांनी घातलेला आहे.

तालाचा प्रश्न :

मेसियाँ यांना हे ताल ज्वानी ग्रोसे यांनी लाविन्याक यांच्या संगीतकोशासाठी भारतावर लिहिलेल्या विस्तृत लेखातून मिळाले. म्हणजेच ते छापील तक्त्यातून मिळाले, गुरुमुखातून नव्हे. त्यातून त्यांनी लघु, गुरु, द्रुत यांची मात्रामूल्ये आणि विरामाने मात्रा दीडपट होण्याचे तत्त्व उचलले. लयीत अल्पशी भर घालून तिची समतोल चौकट मोडण्याची त्यांची पद्धती या तत्त्वाशी जुळते. १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या तंत्रविषयक ग्रंथात त्यांनी ‘रागवर्धन’ या तालाचे विश्लेषणही केले आहे.

मात्र आवर्तन त्यांनी घेतले नाही. त्यांच्याकडे लयीच्या मालिका पुन्हा पुन्हा येतात. पण निरनिराळ्या लांबीच्या मालिका एकाच वेळी चालत असल्याने सर्वांना बांधणारी सम उरत नाही. एक लय वाढते, दुसरी आक्रसते, तिसरी स्थिर राहते, ही त्यांची ‘लयपात्रांची’ कल्पनाही स्ट्राविन्स्की यांच्या अभ्यासातून आलेली आहे. पेण किंवा रोह्याच्या एखाद्या गावातील भजनात पखवाजाची साथ करणारा वादक ही सिंफनी ऐकू लागला, तर तो प्रथम सम शोधील आणि ती त्याला सापडणार नाही.

तथापि, एवढ्यावरून ही कृती उसनी किंवा उणी ठरत नाही. समेवर येण्याचे जे समाधान आवर्तन देते, त्याच्या जवळचे काम येथे चार स्वरवाक्यांचे पुनरागमन करते. आठव्या खंडात ती एकमेकांना भिडतात आणि अखेरच्या खंडात प्रेमाचे स्वरवाक्य संपूर्ण वाद्यवृंदाच्या घोषात परत येते, तेव्हा दीर्घकाळ लांबलेली प्रतीक्षा पूर्ण होते. फरक इतकाच की, हे परतणे लयीचे नसून स्वरांचे आहे आणि ती पाश्चात्त्य परंपरेची देणगी आहे.

निष्कर्ष :

‘तुरंगलीला’ ही भारतीय संगीताचा आविष्कार नाही, तसेच केवळ परदेशी नावाची हौसही नाही. देशी तालांची मात्रामूल्ये आणि युरोपीय स्वरवाक्यांची पुनरावृत्ती यांचा तो स्वतंत्र मेळ आहे. प्रभावाचा दावा करण्यापूर्वी घेतलेला घटक आणि वगळलेला घटक वेगळे करणे अभ्यासकांचे कर्तव्य ठरते. शार्ङ्गदेवाचे बहुतेक देशी ताल आज प्रत्यक्ष वादनात नाहीत. पॅरिसमधील एका संगीतकाराने तक्त्यावरून त्यांना नवा उपयोग दिला. पेण-रोह्यासारख्या भागातील महाविद्यालयांत संस्कृतचे अध्यापक आणि गावातील पखवाजवादक यांनी तालाध्याय एकत्र बसून वाचला, तर त्या तक्त्यात नसलेला हाताचा बोल कदाचित पुन्हा ऐकू येईल.