पॅरिसची कात्री, १९१९ ते १९३९
दोन महायुद्धांमधल्या पॅरिसच्या फॅशनवर लिहिणारे बहुतेक जण झग्याची लांबी मोजत बसतात. विशीच्या दशकात ती गुडघ्याशी आली, १९२९ मध्ये फॅशनकार ज्याँ पातूने ती पुन्हा खाली उतरवली आणि मग मंदीशी तिचं नातं लावणारे विद्वान निघाले. पातूचे लांब झगे शेअरबाजार कोसळण्याआधीच लोकांसमोर आले होते, हे मात्र सोयीस्करपणे विसरलं जातं.

या काळातली खरी उलथापालथ कापात झाली आणि तिचं श्रेय मादलेन व्हिओनेचं आहे. कोवळ्या वयात शिवणकामाला लागलेली ही बाई कागदावर चित्रं काढत नसे. लहानशा लाकडी पुतळीवर कापड लपेटून, टाचून ती झगा घडवी. कापड उभ्या-आडव्या धाग्यांना तिरपं, उरेब धरून कापायचं, हे तंत्र जुनंच. पण ते गळपट्टीपुरतं, काठापुरतं वापरलं जाई. व्हिओनेबाईंनी अख्खा झगाच उरेब कापला. विणीलाच ताण मिळाल्यामुळे कापड अंगाबरोबर हलू लागलं आणि आत कॉर्सेटचा सांगाडा नको झाला. हे सोपं नाही. उरेब कापड वजनाने खाली उतरतं. झगा काही काळ टांगून ठेवल्याशिवाय खालची दुमड घालता येत नाही. तिरप्या कापाला पन्हाही मोठा लागतो, म्हणून त्या मुद्दाम जास्त रुंद क्रेप विणून घेत.

त्यांच्यापुढे शनेल मला कारागीर म्हणून उणी वाटते. तिची नजर मात्र अचूक होती. आतल्या कपड्यांसाठी वापरलं जाणारं जर्सी तिने उच्चभ्रू बायकांच्या अंगावर चढवलं. १९२६ मध्ये अमेरिकन ‘व्होग’ने तिच्या साध्या काळ्या झग्याची तुलना फोर्ड मोटारीशी केली. फोर्ड स्वस्त होती, शनेलचा साधेपणा महाग होता, एवढाच काय तो फरक!

हे कपडे घालणारी बाईही बदलली होती. पहिल्या महायुद्धात सुमारे १४ लाख फ्रेंच सैनिक मेले. बायका कारखान्यांत, कचेऱ्यांत गेल्या. केस कापले गेले, चार्ल्स्टन नाच आला, सुझान लाँग्लेन पातूचे आखूड कपडे घालून टेनिस खेळली. पण मोकळ्या वृत्तीच्या तरुणीवर १९२२ मध्ये ‘ला गार्सोन’ ही कादंबरी लिहिल्याबद्दल व्हिक्तोर मार्गरीतचा सरकारी सन्मान काढून घेतला गेला आणि फ्रेंच बाईला मताचा हक्क मिळायला १९४४ उजाडलं. युद्धाआधी कॉर्सेट हद्दपार करणारा पोल प्वारे या नव्या बाईला ओळखूच शकला नाही. पॅरिसमधल्या सजावटी कलांच्या १९२५ च्या प्रदर्शनात त्याने सेन नदीवर तीन शोभिवंत नौका उभ्या केल्या. चार वर्षांत त्याची पेढी बंद पडली.

तिशीच्या दशकात फॅशनकार स्कियापरेलीने चित्रकार दालीला हाताशी धरून झग्यावर लॉब्स्टर चढवला, बुटाची टोपी केली. चुटका दुसऱ्यांदा ऐकताना हसू येत नाही, तसं तिच्या बऱ्याच कामाचं होतं. तिचे १९३५ चे साडीवरून सुचलेले झगे मला जास्त टिकाऊ वाटतात. कपूरथळ्याच्या सीतादेवीच्या साड्या तिच्या डोळ्यांपुढे होत्या. त्याच काळात बडोद्याच्या गायकवाडांची लेक, कूचबिहारची महाराणी इंदिरादेवी, फ्रेंच शिफॉनच्या साड्या नेसत होती. देवघेव दोन्ही बाजूंनी चालली होती, पण फॅशनच्या इतिहासात तिची एकच बाजू नोंदली जाते.

आणि शिवणाऱ्या मुली? १९३६ च्या संपात शनेलच्या कामगारांनी तिलाच दाराबाहेर ठेवलं. व्हिओनेकडे हजारावर बायका कामाला. त्यांना भोजनगृह, दवाखाना, पाळणाघर आणि पगारी सुट्टी मिळे. नकलांविरुद्धही बाई हुशार होत्या: प्रत्येक झग्याचे फोटो काढून ठेवत, लेबलावर अंगठा उमटवत. १९३९ मध्ये दोन्ही शिवणघरं बंद झाली. शनेल १९५४ मध्ये परतली आणि दंतकथा झाली. व्हिओनेबाई परतल्या नाहीत. १९५२ मध्ये त्यांनी आपले झगे आणि फोटोंचे अल्बम पॅरिसमधल्या वेशभूषा-संग्रहाला देऊन टाकले. उरेब काप शिकणाऱ्याला आजही त्या झग्यांकडेच वळावं लागतं.