वऱ्हाडी आणि कोरकू : तुलनेच्या निकषांची चिकित्सा

अमरावती व अकोला या जिल्ह्यांच्या उत्तर सीमेवर सातपुड्याच्या गाविलगड रांगा उतरतात, तेथे दोन भाषा एकमेकींना भेटतात. सखल प्रदेशातील वऱ्हाडी ही मराठीची बोली असल्यामुळे आर्यकुलातील आहे. मेळघाटातील कोरकू ही मुंडा शाखेतील असून ती ऑस्ट्रो-आशियाई कुलात मोडते. तिच्या सख्ख्या बहिणी संथाली, मुंडारी व हो या शेकडो कोसांवर छोटा नागपूरच्या पठाराकडे आहेत. २०११ च्या जनगणनेत कोरकू भाषकांची संख्या ७ लाखांहून अधिक नोंदली गेली असून त्यांतील मोठा भाग मध्य प्रदेशात आहे.

या दोन भाषांचा विचार एकत्र क्वचितच झाला. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणात मराठीचा खंड १९०५ साली आणि मुंडा व द्राविडी भाषांचा खंड १९०६ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही खंडांचे संपादन स्टेन कोनो या एकाच विद्वानाने केले. तथापि धारणीच्या बाजारात समोरासमोर बसणारे दोघे जण या रचनेमुळे दोन निराळ्या ग्रंथांत जाऊन पडले. कुलानुसार मांडणी करावयाची म्हटल्यावर हे अटळ होते. परंतु शेजारामुळे काय घडते हा प्रश्न त्या मांडणीतून निसटला. शिवाय सर्वेक्षणाचा नमुना म्हणून उधळ्या पुत्राचा दृष्टान्त सर्वत्र भाषांतरित करून घेतला गेला. भाषांतर करणारा मूळ वाक्याच्या वळणाने जातो, त्यामुळे असे नमुने वाक्यरचनेच्या तुलनेला फारसे विश्वसनीय मानता येत नाहीत.

केवळ शब्दसाम्यावर विसंबण्याचा धोका याच परिसरातील निहाली भाषेच्या उदाहरणाने स्पष्ट होतो. कोरकू शब्दांचा तिच्यातील भरणा पाहून कोनो यांनी तिला कोरकूच्या पदरी बांधले. पुढे कुइपर यांनी १९६२ च्या आपल्या अभ्यासात हे उसने थर बाजूला सारले, तेव्हा तळाशी कोणत्याच ज्ञात कुलात न बसणारा शब्दसंग्रह उरला. उसनवारीला नाते समजण्याची चूक इतक्या सावध संशोधकाकडून घडली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

नाते सिद्ध होते ते नियमित ध्वनिसंवादाने. कोरकूत ‘माणूस’ या अर्थी ‘कोरो’ आहे, तर मुंडारीत ‘होडो’; कोरकूत मुलाला ‘कोन’ म्हणतात, तर मुंडारीत ‘होन’. एका भाषेतील ‘क’च्या जागी दुसरीत ‘ह’ ठरावाप्रमाणे येतो. ‘कोरो’ला ‘-कू’ हा अनेकवचनी प्रत्यय लागून ‘कोरकू’, म्हणजे ‘माणसे’, हे नाव बनले. वऱ्हाडीतही अशीच शिस्त आहे, आणि तिला अशुद्ध म्हणणाऱ्यांनी ती पाहावी. प्रमाण मराठीतील ‘ळ’ तिच्यात ‘य’ होतो : डोळा–डोया, शाळा–शाया. स्वरांमधला ‘ड’ ‘ळ’ होतो : घोडा–घोळा, गाडी–गाळी. मौज अशी, की हा नवा ‘ळ’ पुन्हा ‘य’ होत नाही. ‘गाडी’ची ‘गायी’ झालेली नाही. अर्थात पहिला बदल पुरा झाल्यानंतरच दुसरा घडला असला पाहिजे. अनास्थेने बिघडलेल्या बोलीत असा क्रम राहता ना.

खरी कसोटी लागते ती व्याकरणिक साम्यापाशी. ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’ आणि त्याला वगळून ‘आम्ही’ हा भेद मराठीत आहे. वऱ्हाडीत तो ‘आपून’ व ‘आमी’ असा दिसतो. कोरकूतही तो आहे : ‘आबुङ्’ हे समावेशक आणि ‘आले’ हे व्यावर्तक. हे साम्य पाहून एकीने दुसरीकडून घेतले असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु कोरकूतील रूपांची भावंडे संथालीत जशीच्या तशी आहेत. म्हणजे तो भेद तिचा वडिलोपार्जित आहे. मराठीतील ‘आपण’ संस्कृत ‘आत्मन्’पासून आले, आणि या भेदाचे मूळ बहुधा द्राविडी संपर्कात शोधले जाते. तेलुगूत ‘मनमु’ व ‘मेमु’ आहेतच. शिवाय कोरकूत द्विवचन असल्यामुळे तेथे ‘आपण दोघे’ आणि ‘आम्ही दोघे’ यांची रूपेही स्वतंत्र आहेत. येथे साम्य खरे आहे, पण देवघेव सिद्ध होत नाही.

याच्या उलट बाजूचीही एक चूक संभवते. संथालीत वाक्यातील कर्त्याची खूण सर्वनामरूपाने जोडली जाते. कोरकूत ही पद्धत बहुतांशी लोपली आहे. हा मराठीच्या सहवासाचा परिणाम म्हणणे सोपे आहे. परंतु मराठीत क्रियापद कर्त्याशी किंवा कर्माशी सुसंगत असतेच. जी गोष्ट शेजारणीच्या घरी नांदते आहे, ती तिच्या संगतीने आपल्या घरातून गेली असे कसे म्हणता येईल? कारण अन्यत्र शोधले पाहिजे.

उसन्या शब्दांच्या बाबतीत प्रवाह मुख्यतः कोरकूकडे वाहतो. मात्र प्रत्येक उसना शब्द मराठीच्या खाती मांडणे बरोबर नाही. मेळघाटात हिंदीचाही वावर आहे. ‘बाजार’सारखा शब्द कोणत्या वाटेने आला हे सांगता येणार नाही. जेथे हिंदीत ‘ल’, प्रमाण मराठीत ‘ळ’ आणि वऱ्हाडीत ‘य’ आहे, असे शब्द मात्र आपली वाट स्वतःच सांगतील. अशा शब्दांची गावनिहाय नोंद होणे अत्यंत आवश्यक आहे.

या नोंदीला निकड आहे. १९७४ साली घोषित झालेल्या मेळघाट व्याघ्र प्रकल्पातील काही गावांचे पुनर्वसन एकविसाव्या शतकात अकोट व तेल्हारा भागांत झाले, आणि कोरकू बोलणारी मुले वऱ्हाडी बोलणाऱ्या गावांच्या शेजारी शिकू लागली. कोरकूत नामांचा मुख्य भेद सजीव-निर्जीव असा आहे. क्रियापदावर लिंग उमटत नाही. अशा मुलाने ‘गाडी आला’ म्हटले, तर ते त्याच्या भाषेच्या नियमाला धरूनच आहे. वऱ्हाडी शिक्षक ‘गाळी आली’ म्हणतो, तेही त्याच्या बोलीच्या नियमाला धरून. पाठ्यपुस्तकाच्या दृष्टीने दोन्ही वाक्ये चुकीची. तरी वर्गात पहिल्याचीच दुरुस्ती होते, कारण दुसरे कोणाच्या कानालाच खटकत नाही.