परशुरामभाऊ पटवर्धन : चरित्र कीं प्रशस्ति ?

परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या स्मरणार्थ जीं व्याख्यानें व लेख होतात त्यांपैकीं बरेच मीं गेल्या चाळीस वर्षांत ऐकले व वाचले. सर्वांचा सांचा एकच. आरंभीं कोतवड्याचे हरभट, मध्यें धारवाड व खर्डा, शेवटीं पट्टणकुडीचें रणांगण. आणि या मुक्कामांच्या दरम्यान विशेषणांची पेरणी. संस्कृताच्या अभ्यासकास हा प्रकार अपरिचित नाहीं. ताम्रपटाच्या आरंभीं राजाच्या पूर्वजांचें जें वर्णन येतें त्यास आपण प्रशस्ति म्हणतों. दानाची तिथि व गांवाची सीमा तेवढी उचलतों आणि बाकीचे श्लोक काव्य म्हणून बाजूस ठेवतों. मराठी कालखंडांतील पुरुषाविषयीं लिहितांना हाच विवेक आपण कां सोडावा ?

भाऊंची थोरवी मला कमी करावयाची नाहीं. उलट ती कशांत होती हेंच या लेखांत नीट सांगितलें जात नाहीं, अशी माझी तक्रार आहे. थोरल्या माधवरावांनीं सन १७६४ मध्यें पटवर्धनांस आठ हजार स्वारांचा सरंजाम दिला तो मिरजेस बसून वैभव भोगण्यासाठीं नव्हे. कृष्णा व तुंगभद्रा यांमधील मुलूख म्हणजे हैदराची उत्तरेकडे येण्याची वाट. त्या वाटेवर राखणदार म्हणून हें घराणें बसविलें गेलें. सन १७७७ मध्यें सावशीच्या लढाईंत कोन्हेरराव पडले, पांडुरंगराव पाडाव झाले व श्रीरंगपट्टणच्या कैदेंतच वारले. तेव्हांपासून या सरहद्दीचा मुख्य भार भाऊंच्या शिरावर आला. सरहद्दीवरच्या सरदारास लढाई चार महिने, पण कारभार बारा महिने. देसाई व किल्लेदार यांस कधीं धाकानें, कधीं कौलानें आपलेसे ठेवावयाचे, वैऱ्याच्या मुलखांतील बातमी राखावयाची, बंजाऱ्यांच्या बैलांवरून धान्य आणवावयाचें. सन १७९१ च्या मे महिन्याच्या अखेरीस लॉर्ड कॉर्नवॉलिस आपल्या मोठ्या तोफा निकामी करून श्रीरंगपट्टणाहून मागें फिरत होता व त्याची फौज उपासमारीनें खंगली होती. मेलुकोट्याजवळ हरिपंत फडके व भाऊ येऊन मिळाले आणि मराठी लष्कराच्या बाजारांत त्या फौजेस अन्न मिळालें. भाऊंच्या कर्तृत्वाचें याहून चांगलें प्रमाण मला ठाऊक नाहीं. पण व्याख्यानांत तें क्वचितच ऐकूं येतें, कारण धान्याच्या गोणींवर वीररस चढत नाहीं.

धारवाडच्या वेढ्याचीहि गोष्ट अशीच. सप्टेंबर १७९० पासून एप्रिल १७९१ पर्यंत बद्रुज्जमाखानानें किल्ला लढविला. कॅप्टन लिटलच्या पथकांतील लेफ्टनंट एडवर्ड मूर यानें या मोहिमेची हकीगत सन १७९४ मध्यें लंडनास छापली. तींत मराठी गोलंदाजांची मनमुराद थट्टा आहे : एक तोफ डागावी आणि मग हुक्का ओढीत गप्पा माराव्या. आमचे वक्ते मूरचें नांव एक तर घेत नाहींत, नाहीं तर घेऊन संतापतात. दोन्हीं व्यर्थ. मूरनें प्रत्यक्ष पाहिलें तें टाकतां येत नाहीं. पण इंग्रजी पथकाचा स्वतःचा हल्लाहि तेथें फसला व त्याचा मुख्य कर्नल फ्रेडरिक वेढा चालू असतांनाच मरण पावला, हें मूरचें वाक्य तोलतांना पारड्यांत घातलें पाहिजे.

आतां शृंगेरी. त्याच सन १७९१ मध्यें मराठी फौजेबरोबरच्या लोकांनीं शृंगेरीचा मठ लुटला, माणसें मारलीं व शारदेची मूर्ति स्थानभ्रष्ट झाली. मराठी पत्रांत दोष लमाण व पेंढारी यांवर आहे. मठाकडील कागदांत रघुनाथराव पटवर्धनांचें नांव आहे. सेनानायक भाऊ होते. मीं ऐकलेल्या स्मृतिपर व्याख्यानांपैकीं एकांतहि या प्रकरणाचा उच्चार नव्हता. म्हैसूरच्या पुराणवस्तु खात्याचे रा. नरसिंहाचार यांनीं सन १९१६ मध्यें टिपूचीं कानडी पत्रें उजेडांत आणलीं. तो सच्चिदानंद भारतीस्वामींस लिहितो, मूर्तीच्या पुनःस्थापनेसाठीं बिदनूरच्या अंमलदारास २०० राहती रोख व शिवाय धान्य देण्यास सांगतो, आणि एका पत्रांत दुष्कर्माच्या फळाविषयीं संस्कृत वचनहि उद्धृत करतो. त्याच पत्रव्यवहारांत तो शत्रूच्या नाशासाठीं अनुष्ठान मागतो, हेंहि विसरूं नये. एक प्रशस्ति मोडून दुसरी रचणें हें संशोधन नव्हे. परंतु जगद्गुरूंच्या पीठावरील घाल्याबद्दल मराठी फौजेस दोष देणारें पत्र श्रीरंगपट्टणाहून निघावें, ही गोष्ट भाऊंच्या चरित्रकारानें वगळली तर त्याच्या बाकीच्या स्तुतीवर कोणी कां विश्वास ठेवावा ?

येथें वासुदेवशास्त्री खऱ्यांचें ऋण सांगणें प्राप्त आहे. तेहि मिरजेच्या शाळेंत संस्कृतच शिकवीत. सन १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' काढून त्यांनीं पटवर्धनी दफ्तर जगापुढें मांडलें. घरच्या 'हरिवंशाच्या बखरी'वर संतुष्ट न राहतां पत्रांकडे जावें, हें आम्हांस त्यांनींच शिकविलें. तथापि मिरजेस जमलेलीं पत्रें तीं मिरजेकडून पाहिलेली सरहद्द. तुंगभद्रेपलीकडची बाजू कानडी व फारसी कागदांत आहे, आणि आमच्या संग्राहकांपैकीं कानडी वाचणारे बोटांवर मोजावे इतके. मोडीच्या एका रुमालासाठीं आम्ही कोसच्या कोस पायपीट करूं, पण पलीकडच्या मठाचा कडत पाहण्यास जाणार नाहीं. सीमेवर आयुष्य घालविलेल्या पुरुषाचें चरित्र एकाच तीरावर बसून कसें लिहितां येईल ?

सन १७९६ चें पुण्याचें राजकारण मी थोडक्यांत आटोपतों, कारण तेथें भाऊ आपल्या क्षेत्राबाहेर होते. नानांच्या सल्ल्यानें बाजीरावास आणणें, मग बाळोबातात्यांशीं मिळून चिमाजीअप्पास गादीवर बसविणें, आणि वर्ष संपण्यापूर्वींच कैदेंत पडणें : देसायांचीं मनें ओळखणाऱ्या पुरुषास शनिवारवाड्यांतलीं ओळखतां आलीं नाहींत. सप्टेंबर १७९९ मध्यें कोल्हापूरकरांशीं लढतांना पट्टणकुडीस त्यांचा अंत झाला. लढाईंतील जखमांनीं ते गेले अशी एक परंपरा, जिवंत धरून पुढें नेऊन मारले अशी दुसरी. दोन घराण्यांचा अभिमान यांत गुंतला असल्यानें वक्ते आपापल्या यजमानाची परंपरा सांगून मोकळे होतात.

मी स्वतः यांतून निर्दोष नाहीं. तरुणपणीं दक्षिणेकडील एका घरीं दफ्तर पाहण्यास गेलों असतां मालकांनीं कांहीं कागद आधींच निराळे काढून ठेवले व "हे घराण्यास शोभणारे नव्हेत, मास्तर," असें म्हणाले. पुढच्या भेटीची वाट बंद होऊं नये म्हणून मीं मान डोलविली व उरलेल्या रुमालांच्या नकला करूं लागलों. ते बाजूचे कागद पुढें कोणत्याहि छापील संग्रहांत माझ्या दृष्टीस पडले नाहींत.